अर्थशास्त्र रोजच्या वापरात कसं आणायचं: कांदा, पागडी, टँकर आणि मत

अकरावी बारावीला कॉमर्सला होतो तेव्हा मागणीचा वक्र काढायला लावायचे, डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ, नीट काढली की मार्क, आणि पेपर झाला की ती रेघ डोक्यातून गेली ती गेलीच. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की आमचे आण्णा ती रेघ न काढता रोज वापरतात. निफाड तालुक्यात दोन अडीच एकर कांदा करणारा माणूस, शाळा सातवीपर्यंत, पण टीव्हीवर कसलीही घोषणा झाली की त्यांचे प्रश्न ठरलेले. पैसे कोण देणार? आणि मग पुढं काय? मी पुण्यात येऊन अकाउंट्समध्ये नोकरी धरली, इकडचं तिकडचं वाचलं, पण फिरून फिरून गाडी याच दोन प्रश्नांवर येते. तर ते वापरायचे कसे ते लिहितोय.

सामान फार लागत नाही. एक कागद, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, आणि आपला आवडता नेता दहा मिनिटं बाजूला ठेवायची तयारी. तिसरी वस्तू बहुतेक घरांत शिल्लक नसते.

सुरुवात भागाकाराने करा

'हजार कोटी' ऐकलं की आपलं डोकं बंद पडतं, मग ते हजार असो की पन्नास हजार, आपल्याला दोन्ही सारखेच. म्हणून पहिलं काम, आकडा माणशी काढायचा. लाडकी बहीण घ्या, जुलै २०२४ पासून महिना १५०० रुपये. बारा महिन्यांचे १८,०००. बायका अंदाजे अडीच कोटी धरा. गुणाकार केला की वर्षाला ४५,००० कोटी. राज्याची लोकसंख्या १३ कोटी धरली तर माणशी साडेतीन हजाराच्या जवळपास, चार माणसांच्या घराला वर्षाला पावणेचौदा हजार. आता हा आकडा तुमच्या डोक्यात मावतो. चौदा हजारात तुमच्या घरासाठी सरकारने काय करावं असं तुम्हाला वाटलं असतं? काहींना वाटेल हेच करावं, काहींना वाटेल रस्ता करावा. दोन्ही चालेल, निदान वाद आता खऱ्या गोष्टीवर होतोय.

एक सावधगिरी. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा आणि त्यात महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारं उत्पन्न, ४५,८९१ कोटी दाखवलेली. आकडे जवळजवळ जुळले ना? लगेच कुणीतरी म्हणणार बघा, तूट याच योजनेमुळे. थांबा. तुटीला तुम्ही कुठलाही एक खर्च नेऊन चिकटवू शकता, पगार पेन्शन चिकटवा, व्याज चिकटवा, तेवढंच खरं आणि तेवढंच खोटं. शिवाय त्या वर्षी योजनेला तरतूद ३६,००० कोटींची केली होती, म्हणजे जुळणीच फसवी. आकडे शेजारी शेजारी ठेवून गोष्ट सांगणं हा धंदा दोन्ही बाजूंना चांगला जमतो.

मग 'पैसे कोण देणार'. याची उत्तरं जगात तीनच आहेत. आज टॅक्स, दुसऱ्या कशाला तरी कात्री, किंवा कर्ज, म्हणजे उद्याचा टॅक्स. 'केंद्राकडून आणू' म्हणजे पण यातलंच एक, फक्त जरा लांबून फिरून आलेलं. आणि 'आम्ही टॅक्स भरतो आणि ते फुकट खातात' हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी एक बघा, आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात त्या पण साबण घेतात, टूथपेस्ट घेतात, त्यावर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. इन्कम टॅक्स न भरणारा माणूस टॅक्स भरत नाही हा समज मोठमोठ्या पगाराच्या लोकांत घट्ट बसलाय. मावशींना मी विचारलं होतं की १५०० चं काय करता. म्हणाल्या भिशीला लावते, नवऱ्याला माहीत नाही कितवा नंबर आहे ते. आता यात अर्थशास्त्र भरपूर आहे, धान्य दिलं असतं तर ते घराच्या डब्यात गेलं असतं, रोख दिली ती त्यांच्या हातात राहिली आणि कशावर खर्च करायची ते त्यांनी ठरवलं. रोख देण्याच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा मला कुठल्या भाषणात नाही, भाजी चिरताना ऐकायला मिळाला.

'मग पुढं काय' हे किमान तीनदा विचारा

कांद्यावर जरा सविस्तर लिहितो कारण हे मी घरातून बघितलंय.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात थेट बंद. कारण शहरात कांदा महाग झाला होता. पहिलं 'मग पुढं काय' सोपं आहे: बाहेर जाणारा माल आत राहिला, भाव पडला. लासलगावच्या कांदा बाजारात क्विंटलला चार हजाराच्या आसपास असलेला भाव काही दिवसांत निम्म्यावर आला. टीव्हीवर गृहिणींना दिलासा. बरोबर आहे, दिलासा मिळाला, नाकारण्यात अर्थ नाही.

आता कागद घ्या. पुण्यातलं चार माणसांचं घर, महिन्याला पाच किलो कांदा, किलोमागे वीस रुपये वाचले तर महिन्याचे शंभर. एका पिझ्झाच्या पाव तुकड्याएवढे. आणि ज्याच्याकडे साठ क्विंटल लाल कांदा काढून पडलाय त्याचा क्विंटलमागे अठराशे गेला तर एक लाख आठ हजार. एका घराचं एका हंगामाचं. आणि लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून ठेवता येत नाही, तो काढला की विकावाच लागतो, त्यामुळे 'भाव येईपर्यंत थांबा ना' हा सल्ला देणारा माणूस कधी कांद्याच्या चाळीजवळून गेलेला नसतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्याला इंग्रजी पुस्तकात लवचिकता नसलेला पुरवठा म्हणतात, एवढाच फरक.

दुसरं 'मग पुढं काय': बाहेरचं गिऱ्हाईक. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश, हे लोक कांदा खायचा थांबवत नाहीत, ते पाकिस्तानचा, इजिप्तचा, चीनचा घेतात. एकदा झालं असतं तर विसरले असते, पण सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, ती मार्च २०२० ला उठली, सप्टेंबर २०२० मध्ये परत बंदी, मग जानेवारी २०२१ ला उठली, मग २०२३. तुम्ही स्वतः गिऱ्हाईक असता तर अशा दुकानदाराकडे किती दिवस गेला असता, ज्याचं शटर कधी खाली येईल सांगता येत नाही?

तिसरं 'मग पुढं काय', आणि हे सगळ्यात कमी लोक विचारतात: पुढच्या हंगामात काय. भाव म्हणजे निरोप असतो. कांदा चाळीस झाला हा शेतकऱ्याला निरोप आहे की माल कमी आहे, लाव. तो निरोपच दाबला तर पुढच्या वेळी लागवड कमी, लागवड कमी म्हणजे परत टंचाई, परत चाळीस, परत बंदीची मागणी. बंदी नसली तरी गडबड होतेच बरं का, गेल्या वर्षी भाव मिळाला म्हणून अख्खा तालुका कांदा लावतो आणि मार्च एप्रिलला सगळ्यांचा एकदम येऊन दोन रुपये किलोने विकायची पाळी येते, त्याला सरकार जबाबदार नाही, ती आपलीच मेंढरांची रांग. आण्णा म्हणतात ज्या वर्षी रोपाला भाव असतो त्या वर्षी कांद्याला नसतो. रोपाचा भाव म्हणजे लागवडीचा अंदाज, मला हे कळायला डिग्री लागली.

आता राजकारणाकडे वळा. शहरातल्या प्रत्येक घराचा फायदा छोटा पण घरं कोटींत, शेतकऱ्याचं नुकसान मोठं पण जिल्हे चार पाच. नेहमी उलटं होतं, ज्यांचं थोड्या लोकांचं मोठं नुकसान असतं ते आरडाओरडा करतात आणि जिंकतात, कारण बाकीच्यांना शंभर रुपयासाठी मोर्चा काढणं परवडत नाही. कांद्यात मात्र कायम शहर जिंकतं. मला वाटतं कारण असं, कांद्याचा भाव महागाईच्या आकड्यात दिसतो, टीव्हीवर दिसतो आणि १९९८ ला दिल्ली राज्याचं सरकार कांद्याने पाडलं ही आठवण प्रत्येक पक्षाच्या डोक्यात पक्की आहे. पण मोजणी शेवटी मतदारसंघात होते. बंदी ४ मे २०२४ ला उठवली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान किंमत लावून, आणि त्याच महिन्यात आमच्याकडे मतदान होतं. दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, सत्ताधाऱ्यांची नाशिकचीही जागा गेली. कांदा हे एकच कारण होतं असं म्हणणार नाही, पण कांदा नव्हताच असं म्हणणारा माणूस मला निफाडमध्ये भेटलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, किमान किंमत काढली आणि शुल्क २० वर आणलं. एप्रिल २०२५ ला उरलेलं शुल्कही गेलं. तारखा नुसत्या एकाखाली एक लिहून बघा, भाष्य करायची गरज पडत नाही.

भाव बांधला की वस्तू दुसऱ्या दाराने निघते

ही ट्रिक ओळखायला शिका, सगळीकडे दिसेल. मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. युद्ध, फाळणी, माणसांचे लोंढे, अशा काळात भाडी आकाशाला भिडू नयेत म्हणून भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. तात्पुरता कायदा. तो तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक चालला. १९९७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाड्याच्या या तरतुदी आता अवाजवी झाल्यात, मग १९९९ चा नवा कायदा आला, २००० पासून लागू, वर्षाला ४ टक्के वाढ.

तर मग पुढं काय झालं? गिरगाव, लालबाग, दादरला खोलीचं भाडं महिन्याला जेमतेम दोन चार वडापावएवढं राहिलं. भाडेकरू खूश. मालकाने दुरुस्ती बंद केली, का करेल, भाड्यात सिमेंटची गोणीपण येत नाही. चाळी कुजल्या, पावसाळ्यात कोसळायला लागल्या, मग सरकारला १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळा कायदा, वेगळं मंडळ आणि वेगळा उपकर आणावा लागला. भाडं वाढवता येत नाही म्हणून खरी किंमत पागडीच्या, म्हणजे खोली मिळवायला वरून द्यायच्या रकमेच्या, रूपात काळ्या पैशात निघाली, ती तर शेवटी १९९९ ला कायदेशीरच करून टाकली. आणि ज्याच्याकडे नवा फ्लॅट होता त्याने कुलूप लावून ठेवला, भाडेकरू एकदा आत आला की तीन पिढ्या निघत नाही या भीतीने. आजही तुम्ही पुण्या मुंबईत ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करता ना, 'भाडेकरू' शब्दसुद्धा त्यात येऊ देत नाहीत, ती त्याच भीतीची शेपटी. फायदा त्यांचा झाला जे १९४७ ला आत होते. त्यानंतर गावाकडून आलेल्या पोराला खोली मिळेना, आणि ते पोरगं मतदार यादीत पण नव्हतं.

यावरून लगेच 'सरकारने कशातच पडू नये' असा अर्थ काढू नका, मला तो अर्थ काढणारे लोक कंटाळवाणे वाटतात. १९४७ ला भाडी मोकळी सोडली असती तर निर्वासित आणि गिरणी कामगार फुटपाथवर आले असते. घोटाळा मुदतीचा झाला, संपवायची तारीख ज्यांच्या हातात होती त्यांना मत देणारे सगळे आतले होते. म्हणून कुठलीही 'तात्पुरती' सवलत जाहीर झाली की हे पण विचारा: ही बंद कोण करणार आणि त्याला निवडून कोण देणार.

रिक्षाचं पण असंच थोडं. मीटरचं भाडं सरकार ठरवतं, पण पावसात संध्याकाळी सहाला रिक्षा कमी आणि माणसं जास्त, भाडं तेच. मग किंमत पैशात नाही तर नकारात निघते. जवळचं भाडं नको, 'तिकडं नाय जायचं', तुम्ही अर्धा तास उभे. तो अर्धा तास पण किंमतच आहे, फक्त रिक्षावाल्याला मिळत नाही, कुणालाच मिळत नाही, वाया जाते. ॲपवाले पावसात दुप्पट घेतात तेव्हा आपण शिव्या देतो (मी पण देतो) पण निदान रिक्षा येते. कुठलं बरं हे तुमच्या खिशावर आणि घाईवर.

माणसाला मूर्ख समजायच्या आधी त्याच्या जागी उभे राहा

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ती जलदूत गाडी. तेव्हा शहरातल्या प्रत्येकाने विचारलं की मराठवाड्यात ऊस का लावतात, अक्कल नाही का. अक्कल आहे. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान भाव, केंद्र दरवर्षी जाहीर करतं, कारखाना ठरलेला, गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो, राखण लागत नाही. तुरीला हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र कधी उघडेल सांगता येत नाही. आणि कालव्याच्या पाण्याची पट्टी बहुतेक पिकाच्या क्षेत्रावर, लिटरवर नाही. अशा ठिकाणी तुम्ही काय लावलं असतं? मी ऊसच लावला असता, आणि वर पाणी बचतीचं भाषण देणाऱ्याला चहा पाजला असता. वागणं बदलायचं तर हिशोब बदलावा लागतो, प्रबोधनाचे फ्लेक्स लावून होत नाही.

हिशोब नीट बांधला की काय होतं त्याचं उदाहरणही आपल्याकडचंच आहे आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही असं माझं मत. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यात विसापूरला प्रयोग करून बघितला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, १९७७ ला कायदा झाला. गरीब कोण हे ठरवायला तलाठ्याचा दाखला लागत नाही, कारण काम अंगमेहनतीचं आणि मजुरी बेताची, ज्याला खरंच गरज आहे तोच खडी फोडायला येतो. बंगलेवाला स्वतःहून गाळला जातो. याउलट फॉर्म भरून खात्यात पैसे आले की काय होतं ते लाडक्या बहिणीत दिसलं, पडताळणी सुरू झाल्यावर सरकारी नोकरीतल्याच दोन हजारांवर बायका निघाल्या. पण त्याची दुसरी बाजू पण लिहा कागदावर, ज्या म्हातारीला खडी फोडता येत नाही तिला रोजगार हमीचा काय उपयोग? चाळणी बारीक केली की खरा गरजू पण अडकतो, मोठी केली की कुणीपण पडतो. फुकटात दोन्ही मिळत नाही.

आणि हो, पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तो प्रोफेशनल टॅक्स, तो १९७५ ला आला तो याच रोजगार हमीचा खर्च भागवायला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराची मजुरी द्यायची, असा उघड सौदा होता. मला वीस वर्षं तो टॅक्स भरून हे माहीत नव्हतं, आणि मी अकाउंट्समध्ये आहे.

आता घरात

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आणि उन्हाळ्यात टँकर. बिल समान वाटून. म्हणजे मी नळ मोकळा सोडून गाडी धुतली तर हजार रुपयाच्या पाण्यातले माझ्या वाट्याला एकवीस रुपये, बाकी ४७ घरं भरतात. आणि मी बादलीने आंघोळ करून वाचवलं तरी मला एकवीसच वाचतात. मित्रांबरोबर हॉटेलात कॉन्ट्री काढायची ठरली की प्रत्येकजण पनीरवरून मटणावर जातो तेच हे. दोन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये 'पाणी जपून वापरा' चिकटवलं, कागद पिवळा पडला, टँकर तेवढेच. मग फ्लॅटवार मीटर बसवायचा विषय निघाला तर मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त विरोध कुणी केला ते सांगत नाही, पण त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत. तुमच्या सोसायटीत करायचं असेल तर एक सल्ला, पहिले तीन महिने मीटरप्रमाणे बिल पाठवू नका, फक्त आकडा नोटीस बोर्डावर लावा. निम्मं काम लाजेने होतं.

घर भाड्याने की विकत, यावर घरोघरी भांडणं होतात, तर आकडे मांडून करा. ८० लाखाचा फ्लॅट, तोच भाड्याने २५,००० ला मिळतो. वर्षाचं भाडं तीन लाख, म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्के. विकत घ्यायचा तर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ५ लाख ६० हजार पहिल्याच दिवशी गेले. ६४ लाख कर्ज साडेआठ टक्क्याने, पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज पाच लाख चाळीस हजाराच्या आसपास. आणि खिशातले जे १६ लाख भरले त्याचं एफडीत सात टक्क्याने एक लाख बारा हजार आलं असतं, ते पण गेलं, हे बहुतेक लोक धरतच नाहीत. एका कामाला लावलेला पैसा दुसऱ्या कामाला लावला असता तर काय मिळालं असतं, तो संधी खर्च, बिलावर कुठे छापलेला नसतो म्हणून दिसत नाही. म्हणजे फ्लॅट दरवर्षी चांगला चार टक्के वाढला तरच बरोबरी जवळ येते. पण कागदावर हे पण लिहा: घरमालक दर ११ महिन्याला उठवतो, पोरांची शाळा, आणि लग्नाच्या बाजारात 'स्वतःचा फ्लॅट आहे का' हा प्रश्न. या गोष्टींना पण किंमत आहे, वर्षाला लाख दोन लाख तुम्ही त्यासाठी देत असाल तर खुशाल द्या, माहीत असून द्या. मी दिले.

सगळ्यात अवघड हिशोब बुडालेल्या खर्चाचा. माझा मावसभाऊ सदाशिव पेठेत पाच वर्षं एमपीएससी करत होता. कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका, क्लास. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. त्याला विचारलं की अजून किती, तर म्हणायचा पाच वर्षं घातली दादा, आता कसं सोडू. हे वाक्य तुम्ही स्वतःच्या तोंडून ऐकलं की सावध व्हा. ती पाच वर्षं सोडलं तरी गेली आणि नाही सोडलं तरी गेली, ती आता हिशोबात धरायचीच नाहीत. प्रश्न एवढाच, आजपासून पुढचं एक वर्ष घातलं तर त्याचा खर्च काय आणि पास व्हायची शक्यता किती, आणि तेच वर्ष दुसरीकडे घातलं तर काय. मी हे त्याला शहाण्यासारखं समजावून सांगितलं आणि त्याने सहा महिने माझा फोन उचलला नाही. नंतर त्याने स्वतःच एक केलं, ते माझ्या गणितापेक्षा चांगलं होतं, परीक्षा द्यायच्या आधीच कागदावर लिहून ठेवलं की या वेळी मुख्यला एवढे मार्क नाही आले तर सोडणार, आणि तो कागद मावशीकडे दिला. नाही आले. आता नाशिकला सहकारी पतसंस्थेत आहे. सोडायची अट आधी ठरवा, आत शिरल्यावर ठरत नाही. सरकारी प्रकल्पांना पण हेच लागू, 'इतके कोटी खर्च झालेत आता पूर्ण करायलाच हवा' म्हणणाऱ्याला विचारा की उरलेला खर्च किती आणि त्यातून मिळणार काय, तेवढंच बोला.

मतदानाच्या आधी

मोबाईल घेताना आपण दहा व्हिडिओ बघतो आणि नगरसेवक बघून घेत नाही, यात आळस कमी आणि हिशोब जास्त आहे, मोबाईल मी निवडतो तो मलाच मिळतो, नगरसेवक मी एकटा निवडत नाही. म्हणून माहिती काढायचा खर्च कमी करा, एवढाच उपाय मला सापडला. आमच्या बिल्डिंगमधल्या सहा जणांनी काम वाटून घेतलं. एकाने उमेदवारांची शपथपत्रं बघायची, ती राज्य निवडणूक आयोगाच्या साईटवर असतात, मालमत्ता कर्ज गुन्हे सगळं त्यात. एकाने महापालिकेच्या बजेटमध्ये आपल्या प्रभागाच्या नावाने काय आहे ते बघायचं. तीन तासांचं काम, प्रत्येकी अर्धा तास, मग चहा. प्रचाराला कुणी आलं की एकच विचारायचं, हे कराल तर कशातलं कमी कराल? 'काहीच कमी करणार नाही' म्हणाला तर त्याने तुम्हाला उत्तर दिलं. आमच्याकडे एकजण म्हणाला होता की फुटपाथच्या फरशा दरवर्षी बदलतो ते थांबवीन. पडला बिचारा. पण आमच्या बिल्डिंगची मतं त्याला गेली.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून, हे घरच्या अभ्यासाला घ्या. उरलेले अर्धे सरकार महामंडळाला देतं. जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. कागदावर लिहा: कुणाचा प्रवास वाढला, पुरुष प्रवाशाला काय पडलं, सरकारने पैसे वेळेवर नाही दिले तर महामंडळ काय करेल, वडापच्या जीपवाल्याचं काय झालं, आणि जी बाई आता तालुक्याच्या बाजाराला स्वतः जाते तिने भाजी किती जास्त भावाने विकली. पाचवा प्रश्न विसरू नका, तो कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

आणि नात्यांत हे सगळं जपून. मी एकदा आईला समजावत होतो की पापड घरी लाटण्यात तुझे आठ तास जातात, बाजारात किलो एवढ्याला मिळतात, तुझ्या तासाची किंमत काढली तर परवडत नाही. ती लाटणं न थांबवता म्हणाली, आठ तास मी आणि शेजारच्या चौघी बोलत बसतो ते कशात धरलंस?

कालच आण्णांचा फोन होता. या वर्षी रोपाला भाव चढलाय म्हणून त्यांनी एकच एकर कांदा धरला आणि बाकीच्यात मका टाकला, इथेनॉलवाले घेतायत म्हणे. मी म्हणलं मग पुढच्या वर्षी सगळेच मका टाकतील. म्हणाले, टाकू दे, तेव्हा मी कांदा लावीन.